आरोग्याचा हिशेब कसा तपासावा?

३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर ५ वर्षांनी तपासणी व्हावी, असे २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पद्धत साधी आहे. व्हिनेगरमध्ये असते ते आम्ल पातळ करून गर्भाशयमुखाला लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का, ते पाहायचे. दुसरा मार्ग म्हणजे एचपीव्ही विषाणूची प्रयोगशाळेतील चाचणी. ती महाग पडते.

मग शासनाने पैसा कशावर खर्च करावा? त्यासाठी तज्ज्ञ कागदावर हिशेब मांडतात. किती जणी आजारी पडतील, किती वाचतील, किती रुपये लागतील, याचा अंदाज काढतात. याला ‘मॉडेल’ म्हणतात. ते पक्के की कच्चे, हे ओळखण्यासाठी आपणही चार प्रश्न विचारू शकतो.

पहिला प्रश्न: आकडे कोठले? आपल्या मराठवाड्यातच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या; तपासणी न झालेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या व्हिनेगर-तपासणीने मात्र मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे कोणता अभ्यास धरला, यावर उत्तर बदलू शकते.

दुसरा: तुलना कशाशी? सर्व पर्याय, आणि ‘काहीच न करणे’ हासुद्धा, हिशेबात हवेत.

तिसरा: खर्च कोणाचा धरला? फक्त शासनाचा, की जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला उपचारासाठी जाणाऱ्या बाईचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरीही?

चौथा: गृहीतक चुकले तर? समजा, तपासणीत दोष आढळलेली प्रत्येक स्त्री उपचाराला येईल, असे धरले. पण मंठा, परतूर, घनसावंगीकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. निरोप गावात पोहोचतो, बाई कोपीवर असते. चांगले मॉडेल ‘निम्म्याच आल्या तर काय?’ हेही मोजून दाखवते. त्यानंतरही निष्कर्ष टिकला, तरच त्यावर भरवसा ठेवावा.

ज्या हिशेबात ऊसतोड करणारी बाई नाही, तो तिच्यासाठी स्वस्त नाही. तो अपुरा आहे. एखादी योजना ‘परवडत नाही’ असे कोणी सांगितले, तर हे चार प्रश्न जरूर विचारा.

मात्र हिशेब पुरा होईपर्यंत तपासणी थांबवू नका. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाला, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.