जोड न जमलेली लढत

२०१६ सालच्या शरदात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात एक विलक्षण गोष्ट घडली. सिएटलच्या उत्तरेस एव्हरेट नावाचे शहर आहे. तेथील आर्चबिशप मर्फी या खासगी कॅथलिक शाळेच्या फुटबॉल संघाने मोसमातील पहिले तीन सामने जिंकले, आणि तिन्ही सामन्यांची बेरीज १७० विरुद्ध शून्य अशी भरली. त्यानंतर त्यांच्याच विभागातील शाळा एकामागून एक कळवू लागल्या, की आम्ही या संघाशी खेळणार नाही. आपल्या क्रीडापानांच्या भाषेत सांगायचे, तर मर्फीच्या मुलांना एका सामन्यानंतर दुसऱ्या सामन्यात ‘पुढे चाल’ मिळत गेली. माघार घेणाऱ्यांनी कारण दिले ते पराभवाचे नव्हते. आमच्या मुलांच्या जिवाला आणि शरीराला धोका आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे आणि शिरणाऱ्याला अंगावर जाऊन जमिनीवर पाडायचे, असा हा खेळ. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या, आणि प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही फळ्यांची एकमेकींवर धडक. लहान गावांत शुक्रवारची संध्याकाळ या खेळासाठीच राखलेली असते. शाळेचा वाद्यवृंद वाजत असतो, आणि बाकांवर आईवडिलांच्या जोडीने आजीआजोबाही पांघरूण घेऊन बसलेले असतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांतील नातवंडे या शाळांत शिकतात, आणि सहा महिन्यांसाठी तेथे गेलेले आजीआजोबा त्या बाकांपर्यंत पोहोचतातच. म्हणून या पाक्षिकात हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

मर्फीच्या आघाडीच्या फळीत ३०० पौंडांहून, म्हणजे सुमारे १३६ किलोंहून अधिक वजनाची मुले होती. समोरच्या लहान शाळेतील एखादा मुलगा १५० पौंडांचा, म्हणजे ६८ किलोंचा असावा, असे धरू. दोघांची टक्कर झाली, तर दोघांवर येणारा जोर सारखाच असतो. परंतु हलक्या शरीराच्या वेगात होणारा बदल भारी शरीराच्या दुप्पट असतो. भारी मुलगा जरा थबकतो आणि हलका मागे फेकला जातो. मेंदूला जी इजा होते ती या अचानक बदललेल्या वेगाने होते. कवटीच्या आत द्रवात तरंगणारा तो मऊ अवयव डोके थांबले तरी क्षणभर हलत राहतो, पिळवटतो, आणि त्याच्या तंतूंवर ताण येतो. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, हे त्याचे मोठेच उपकार आहेत; मात्र आतला मेंदू हिसका खातो, त्याला ते थांबवू शकत नाही.

तरीही वजनाचा फरक ही या गोष्टीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू संख्येची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर आहे. या खेळात एका वेळी मैदानावर ११ खेळाडू असतात. मोठ्या शाळेत चढाईचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. एक तुकडी खेळत असता दुसरी पाणी पीत बसते. लहान शाळेत तीच मुले चढाईला आणि तीच बचावाला. शेवटच्या पावतासात ती इतकी थकलेली असतात, की मान ताठ ठेवून छातीने अडवण्याऐवजी डोके खाली घालून आदळतात. मानेला आणि मेंदूला याहून वाईट आसन नाही. शिवाय एकेक मुलगा जायबंदी होऊन बाहेर बसू लागला, की त्याच्या जागी नववीतला चौदा वर्षांचा पोरगा उतरवावा लागतो. त्याच्या समोर उभा असतो अठरा वर्षांचा, पूर्ण वाढीचा तरुण. गुणफलकावर हे काहीच दिसत नाही.

वॉशिंग्टन राज्यातील पालकांना या धोक्याची जाण अनेकांच्या आधी आली, त्यालाही एक इतिहास आहे. २००६ साली याच राज्यात झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या सामन्यात खेळत असताना त्याचे डोके जमिनीवर आपटले. थोडी विश्रांती घेऊन तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला, शेवटपर्यंत खेळला, आणि नंतर मैदानावरच कोसळला. हेलिकॉप्टरने त्याला सिएटलच्या रुग्णालयात नेले. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी कवटीचा दोन्ही बाजूंचा भाग काढावा लागला. पहिला शब्द उच्चारायला त्याला नऊ महिने लागले. आधाराने का होईना, पायांवर उभे राहायला जवळजवळ तीन वर्षे गेली. पहिल्या हिसक्यातून मेंदू सावरण्याआधीच दुसरा बसला, तर तो झपाट्याने सुजू शकतो. अशी घटना विरळा घडते, परंतु घडली की घरच्यांचे सारे आयुष्य बदलून जाते.

२००९ साली वॉशिंग्टनने या मुलाच्या नावाने कायदा केला. डोक्याला इजा झाल्याची शंका आली, की खेळाडूला तत्काळ बाहेर काढायचे, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचे नाही. शिवाय दरवर्षी खेळाडू व पालक यांनी धोक्याची माहितीपत्रिका वाचून सही करायची. पुढील पाच वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. ‘शंका आली की’ हे त्यातले मोलाचे शब्द आहेत. खात्री होईपर्यंत थांबा, असे हा कायदा म्हणत नाही.

परंतु या कायद्याची मर्यादाही तेथेच आहे. तो इजा झाल्यानंतर जागा होतो. इजा होणार हे आधीच दिसत असेल तर काय, या प्रश्नाला एव्हरेटच्या शेजारच्या शाळांनी २०१६ साली आपल्यापुरते उत्तर दिले.

त्या उत्तरावर पुष्कळ टीका झाली. हरण्याच्या भीतीने पळ काढला, आजच्या मुलांना टक्केटोणपे नकोतच, असे म्हणणारे तेथेही होते. त्याहून विचार करण्याजोगा आक्षेप मर्फीच्या मुलांच्या बाजूचा आहे. त्यांनी नियम मोडून खेळ केला म्हणून कोणी माघार घेतली नव्हती. सराव केला, वजन कमावले, जिंकले, आणि त्याचे फळ म्हणून शाळेच्या शेवटच्या वर्षातले मोजके सामने त्यांच्या हातून गेले. अमेरिकेतील शालेय नियमांनुसार सोडलेला सामना १-० असा नोंदवला जातो. सतरा वर्षांच्या मुलाला त्या एका गुणाचे काय होय! त्याच मोसमात या संघाने आपल्या गटाचे राज्य विजेतेपद मिळवले. माघार घेणाऱ्या शाळांतही सारी मुले सुटकेचा श्वास टाकत होती असे मानू नये. या वयात संघाबाहेर बसणे हे हाड मोडण्यापेक्षा जिव्हारी लागते.

आणि नेमक्या याच कारणाने हा निर्णय मुलांवर सोडता येत नाही. सोळा वर्षांचा मुलगा ‘मी खेळतो’ असेच म्हणणार. मित्र पाहत असतात, प्रशिक्षक पाहत असतो. डोके दुखते आहे हेही तो लपवतो. नकार देण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे, आणि ते शुक्रवारी रात्री मैदानात नव्हे, तर आधी, शांतपणे करायचे असते. त्या शाळांनी तेवढे केले, म्हणून मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. दोष द्यायचाच तर तो त्याआधीचा आहे: कित्येक महिने आधी बसून ज्या मोठ्या माणसांनी सामन्यांचा कार्यक्रम आखला, त्यांच्या ध्यानात ही तफावत यायला हवी होती. तेथे शाळांचे गट मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर ठरतात. परंतु सरकारी शाळेला आपल्या हद्दीतली मुले घ्यावी लागतात, तर खासगी शाळेत दूरदूरहून मुले येऊ शकतात. पटावरची संख्या सारखी असली तरी मैदानावरचे बळ सारखे असेलच असे नाही.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात हे शहाणपण फार जुने आहे. यात्रेतल्या मैदानात पंच दोन्ही पैलवानांना समोरासमोर उभे करतात, अंगलट न्याहाळतात, आणि तोलामोलाची वाटली तरच जोड लावतात. जोड जमली नाही म्हणून कुस्ती लावली नाही, याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही. कबड्डीतही किशोर व कुमार गटांना वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. अमेरिकेच्या शालेय फुटबॉलमध्ये मोठ्या मुलांसाठी वजनाची अशी गाळणी सहसा नसते.

जेथे कोणीच नकार देत नाही, तेथे काय होते, हे २०२१ साली दोनदा दिसले. कॅलिफोर्नियात इंगलवुड शाळेने मॉर्निंगसाइड शाळेला १०६-० असे हरवले. १०४ गुण झाल्यावरही आणखी दोन गुणांसाठी चाल केली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायोत बिशप सिकॅमोर या नावाने उतरलेला संघ फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीकडून ५८-० असा हरला. तो सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला जात होता. हरणारा संघ दोनच दिवसांपूर्वी दुसरा सामना खेळून आला होता, आणि मुलांना इजा होईल ही चिंता समालोचकांनी थेट प्रक्षेपणातच बोलून दाखवली. सामना थांबला नाही.

माघार हा शेवटचा उपाय होय. त्याआधीचे उपाय आहेत, आणि ते वापरलेही जातात. गुणांचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की घड्याळ न थांबवता सामना लवकर संपवायचा. पुढे असलेल्या संघाने पहिली फळी बाहेर बसवायची. ज्यांच्याकडे मुलेच कमी, त्यांनी आठ जणांचा फुटबॉल खेळायचा. अमेरिकेतील अनेक खेड्यांतल्या शाळा तो आनंदाने खेळतात.

आता घरातील ज्येष्ठांच्या हाती काय असते? पुष्कळ असते. नातू रात्री घरी येतो तेव्हा आईवडील गाडी लावण्यात, दुसऱ्या दिवसाच्या धावपळीत असतात. त्याच्यासमोर जेवायला बसलेली असते ती आजी. तोच प्रश्न तो पुन्हा विचारतो आहे का, दिव्याचा प्रकाश त्याला खुपतो आहे का, तो चिडचिडा झाला आहे का, मळमळते म्हणतो का, हे तिला सर्वांच्या आधी कळते. यांपैकी काही दिसले, तर मुलाला दुखण्याची गोळी देऊन गप्प झोपवू नये. आईवडिलांना व डॉक्टरांना सांगावे. वारंवार उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणे अडखळणे, एक बाहुली मोठी दिसणे किंवा जागे करूनही न उठणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. लक्षणे उशिरा येतात, हेही ध्यानात असावे. २०१९च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन पुन्हा फलंदाजीला आला होता. त्रास जाणवू लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू म्हणून उतरला.

पौगंडावस्थेतील मेंदू प्रौढांच्या मेंदूपेक्षा सावकाश सावरतो; महिनाभर लागला तरी घाबरण्याचे कारण नसते. पहिले एकदोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणे, अभ्यास, हलका व्यायाम, आणि धडकेचा खेळ सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर, हा क्रम आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवण्याची जुनी पद्धत आता सांगितली जात नाही.

एक गोष्ट जाता जाता. नातवाला डोक्याच्या इजेबद्दल बजावणारे आजोबा स्वतः न्हाणीघरात घसरले, की ‘काही नाही, जरा पाय सरकला’ म्हणून मोकळे होतात. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे त्याभोवतीच्या शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ आपटण्यानेही त्यांतून रक्त झिरपू शकते, आणि त्याची लक्षणे कधी दोनतीन आठवड्यांनी चालण्यात तोल जाणे, विसराळूपणा, सुस्ती अशा रूपाने येतात. सांभाळ करणाऱ्यांनी पडल्याची तारीख लिहून ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोके दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.