गाईआडचा पारधी

काळविटाचे सगळे संरक्षण डोळ्यांत आणि पायांत. शत्रू लांबूनच दिसला पाहिजे आणि पळायला मोकळे रान पाहिजे. म्हणून दाट झाडीत ते रमत नाही. माळ, गायरान, पडीक जमीन हे त्याचे घर. कुंभार पिंपळगावच्या परिसरात, घनसावंगी तालुक्यात, जायकवाडीचा डावा कालवा आला आणि त्यामागून ऊस आला. उंच उसात काळविटाला ना लांबचे दिसते, ना वेग घेता येतो. माळ नांगराखाली गेले, तसा कळप रब्बीच्या हरभऱ्यात आणि कोवळ्या ज्वारीत उतरू लागला. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. रात्रभर राखण करणाऱ्याला निसर्गप्रेमाचे धडे देणारे बहुधा शहरात राहतात.

या प्राण्याला सर्वांत बारकाईने कोणी पाहिले असेल, तर पारध्यांनी. फासेपारधी हरणांच्या नेहमीच्या वाटेवर फासे मांडत. कधी माणसाळवलेला नर शिंगांना फास बांधून कळपाकडे सोडत. कळपातला नर त्याच्याशी झुंजायला धावून येई आणि स्वतःच अडकून पडे. त्यासाठी आधी हे ठाऊक असावे लागते, की प्रौढ काळा नर आपल्या जागेत दुसऱ्या नराला खपवून घेत नाही. तो जागेची खूण म्हणून एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो. माळावर असा ढीग दिसला, की इथे मालक आहे हे ओळखावे.

गायपारध्यांची तऱ्हा वेगळी. शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्याच चालीने, चरत चरत गेल्यासारखे ते पुढे सरकत. गुरांना हरणे बिचकत नाहीत. आजही हेच दिसते: औत हाकणारा माणूस कळपाला चालतो, पण कोणी थबकून रोखून पाहू लागला, की माना वर होतात. मग एखादे हरीण ताडकन उंच उडी घेते आणि पाठोपाठ सगळा कळप ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाने निघतो.

शिकार संस्थानिकांनीही केली. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटे मारत. ती शौक ठरली आणि पारधी मात्र १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे ‘गुन्हेगार’ ठरवले गेले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, ती थांबायलाच हवी होती. पण पारध्यांचे ज्ञानही त्याबरोबर बेकार झाले. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीत १९८०मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. अशा ठिकाणी वाटाड्या म्हणून पारध्यापेक्षा लायक माणूस कोण सापडणार?

हरणे पाहायची, तर हीच विद्या फास वगळून घ्यावी. पहाटे निघावे, वारा तोंडावर घ्यावा, कळपाच्या रोखाने सरळ न जाता तिरके चालावे, मध्येच थांबू नये. बैलगाडीतून पाहिले तर उत्तमच. पिवळसर माद्या आणि त्यांच्यात पिळदार शिंगांचा एखादा काळा-पांढरा नर, एवढे दिसले तरी सकाळ कारणी लागली.

सोंगणीच्या वेळी पिकात एकटे पाडस सापडले, तर पोरके समजून घरी आणू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. त्याला हात न लावता तेवढा पट्टा तात्पुरता सोडा. पाडस जखमी असेल किंवा हरीण विहिरीत पडले असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.