विममधून बाहेर कसं पडायचं?

पहिल्या नोकरीत ओझरच्या घरून काम करत होतो. सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये एकच ओळ बदलायची होती. विम उघडला, टाइप केलं, तर कर्सर भलतीकडेच उड्या मारायला लागला. सवयीने कंट्रोल-एस दाबलं, तर स्क्रीनच गोठली! शेवटी टर्मिनल बंद करून सिनियरला फोन केला. लाज वाटली.

मोबाईलवर आकड्यांचं बटण दाबलं की त्याच जागी अक्षरांऐवजी आकडे येतात ना? विमचे मोडही तसेच. सुरुवातीच्या नॉर्मल मोडमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. ‘आय’ दाबलं की लिहिता येतं, एस्केप दाबलं की परत नॉर्मल. ही पद्धत बिल जॉयच्या १९७६ च्या व्हीआयमधून आली. ब्रॅम मूलेनारने विम आणला १९९१ मध्ये. कंट्रोल-एसने स्क्रीन थांबवणं ही टर्मिनलची जुनी सवय आहे, कंट्रोल-क्यू दाबलं की ती सुटते.

हेल्प भरपूर आहे, पण कॉपीला तिथे ‘यँक’ म्हणतात. शब्दच माहीत नसेल तर शोधणार काय?

मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर ‘आय’ऐवजी ‘ग’ जातो आणि विम ढिम्म हलत नाही. म्हणून एस्केपनंतर कीबोर्ड इंग्रजी करा.

अडकलात तर:
- सेव्ह करून बाहेर: एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर.
- बदल सोडून बाहेर: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.

मग अर्धा तास काढून ‘विमट्यूटर’ करा. मी तो फोननंतर केला, तुम्ही आधी करा.