तुरुंगात दिवाळी हवी का?

बालमित्रांनो, दिवाळीची पहाट आठवा बरं! अंगाला उटणं, बाहेर आकाशकंदील आणि स्वयंपाकघरात फराळाचे डबे. त्याच पहाटे तुरुंगाच्या उंच भिंतीआडही हजारो माणसं जागी झालेली असतात. आता सांगा, त्यांना लाडू मिळावा का?

हा प्रश्न वर्गात विचारला, की बहुतेक हात एकाच बाजूने वर होतात. "नको! गुन्हा केला ना त्यांनी? मग सण कसला?" मोठी माणसंही असंच म्हणतात. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही. ज्या घरातलं माणूस कुणाच्या तरी हातून गेलं, त्या घरी दिवाळीला कंदील लागत नाही. 'तो' आत बसून गोडधोड खातोय, हे त्या घरातल्या मुलांना कळलं, तर त्यांना काय वाटेल?

पण आधी एक गोष्ट पाहू. तुरुंगात असतं तरी कोण? २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतले सुमारे ४ लाख ३४ हजार 'कच्चे कैदी' होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे असा माणूस. त्याने गुन्हा केला की नाही, हे न्यायालयाने अजून ठरवलेलंच नाही! म्हणजे तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तीन जण निकालाची वाट पाहत होते. त्यांतला एखादा उद्या निर्दोष ठरला, तर त्याच्या गेलेल्या दिवाळ्या त्याला कोण परत देणार?

बरं, ज्याचा गुन्हा सिद्ध झाला, त्याचं काय? त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण शिक्षा म्हणजे नेमकं काय? घर सुटलं, अंगण सुटलं, मनाला येईल तिथे जाणं बंद झालं, हीच ती शिक्षा. तुरुंगाच्या दारातून आत गेला म्हणून माणसाचे सगळे हक्क संपत नाहीत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सांगितलं. दंगा केला म्हणून एखाद्या मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवलं, तर त्याचा डबाही काढून घ्यायचा का? नाही ना!

आणि तुरुंगातला सण म्हणजे काही बँडबाजा नव्हे. जेवणात एखादा गोड पदार्थ, प्रार्थना, भजन, एवढंच. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांसाठी पहाटे आणि सूर्यास्तानंतर खाण्याची सोय करतात. काही तुरुंगांत राखीपौर्णिमेला बहिणींना आत सोडतात, तेही तपासणी करूनच.

तपासणी हवीच! मार्च १९८६ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात चार्ल्स शोभराज नावाच्या अट्टल गुन्हेगाराने वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना मिठाई खाऊ घातली. मिठाईत होतं गुंगीचं औषध! पहारेकरी झोपले आणि स्वारी पसार. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पकडलं. यातून धडा काय घ्यायचा? मिठाई तपासा, पहारा कडक ठेवा. पण चोर शिरेल म्हणून घराला दारच ठेवायचं नाही, असं कुणी करतं का?

आता सगळ्यांत छोट्या मंडळींकडे वळू. आई तुरुंगात असेल, तर वयाच्या सहा वर्षांपर्यंत मूल तिच्याजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं, की तुरुंगात असताना बाळ जन्मलं, तर शक्य तिथे त्याच्या बारशाची सोय करावी, आणि जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून 'तुरुंग' असं लिहू नये. किती शहाणपणाची गोष्ट! त्या बाळाने कुणाचं काय बिघडवलंय? मग त्याच्या वाट्याची पणती आपण का विझवायची?

तुरुंगातून बाहेरही सण येतो बरं का. नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगातले कैदी शाडूच्या गणेशमूर्ती घडवतात. त्या मूर्ती लोक घरी नेऊन बसवतात. ज्याच्या हातून एकदा वाईट घडलं, तेच हात गणपतीचे डोळे रेखतात!

माझं मत विचाराल, तर तुरुंगात सण असावा. साधा असावा, नियमात असावा, पण असावा. कारण शिक्षा संपली, की बहुतेक कैदी आपल्यातच परत येतात. आई-बहिणीशी धरलेला धागा तुटला नसेल, तर वाट चुकलेल्या माणसाला घराची वाट सापडते. धागाच तुटला, तर तो जाणार कुणाकडे?

मात्र दुखावलेल्या घराला विसरून चालणार नाही. तुमच्या गल्लीत असं घर असेल, तर फराळाचं पहिलं ताट तिकडे न्या. आणि एखाद्या मुलाचे बाबा तुरुंगात असतील, तर त्याला चिडवू नका, दिवाळीच्या सुट्टीत खेळायला बोलवा. आज रात्री जेवताना आई-बाबांनाही विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" ते "नको" म्हणाले, तर का, तेही नीट ऐकून घ्या.