माणसाचे चित्र आणि गुणांचा तक्ता

वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत नऊ वर्षांच्या मुलाला 'माणूस काढ' असे सांगितले. त्याने बाप काढला. बाप सालदार. कमरेला धोतर, डोक्यावर वैरणीचा भारा, हात सुपाएवढे. शेरा आला : बुद्धी कमी, वृत्ती आक्रमक. मुलाची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली. कॉलेजात शिकवणाऱ्याला सगळे वाचता येते, असा आमच्या वस्तीचा समज आहे.

ही चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ साली मांडली. चित्र देखणे आहे की नाही, हे तीत पाहत नाहीत. मान, खांदे, पाच बोटे अशा ५१ बाबी तपासायच्या, प्रत्येकीला एक गुण. तीन वर्षे पायाभूत धरून दर चार गुणांना एक वर्ष मिळवले की मानसिक वय निघते.

या ५१ पैकी पाच गुण कपड्यांचे! बाह्या आणि पँट, दोन्ही असून त्यांतून अंग दिसत नसेल तर एक. कोट, बूट, टाय, पट्टा असे चार कपडे ओळखू आले तर आणखी एक. धोतराला एक गुण मिळेल, उरलेले चार बहुतेक गेलेच. म्हणजे अख्खे एक वर्ष. भाऱ्याखाली झाकलेल्या केसांचे गुण गेले ते निराळेच.

हातांचा शेरा दुसरीकडून येतो. १९६८ साली एलिझाबेथ कॉपिट्झ यांनी मुलांच्या चित्रांतील भावनिक खुणांची यादी दिली. तीत मोठे हात आहेत, आणि त्यांचा संबंध आक्रमकतेशी लावतात. मात्र एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये, असे त्यांनीच बजावले आहे. खुद्द गुडइनफ यांनीही १९५० साली हॅरिस यांच्यासह लिहिले, की संस्कृतीपासून मुक्त अशी चाचणी शोधणे हा भ्रम आहे. शेरा मारणारे इतके वाचत नाहीत. तक्ता तेवढा हाती असतो.

मी मुलाला विचारले, हात एवढे मोठे का रे?

"लहान काढले त भारा पडन ना!"

मग म्हटले, आता दुसरा माणूस काढ. त्याने बाबासाहेब काढले. कोट, टाय, पँट, बूट, हातात पुस्तक. तक्ता घेऊन बसलो तर कपड्यांचेच चार गुण वाढले. पोर अर्ध्या तासात एक वर्षाने शहाणे झाले! पुस्तकाला मात्र त्या तक्त्यात गुण नाही.

दोन्ही कागद जोडून फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. मुलाच्या आईने त्यावर सही केली.