देवीची खिरापत

नवरात्रात अमरावतीस अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. अकोल्यातही घरोघरी घट बसतात. आरतीनंतरच्या खिरापतीसाठी सुकामेवा आम्ही आता घरच्या ओव्हनमध्ये भाजतो. नैवेद्य आधी चाखावयाचा नसतो. म्हणून भिस्त नाकावर नि डोळ्यांवर. १५० अंशांवर काजूला सुमारे ८ ते १० मिनिटे, बदामाला १२ ते १५, तर शेंगदाण्याला २० मिनिटे लागतात. यास्तव प्रत्येक जिन्नस निराळा भाजावा, मधून एकदा हलवावा. खमंग वास सुटताच, रंग किंचित फिका असतानाच, बाहेर काढून थंड ताटात पसरावा. तापल्या ताटात तो भाजतच राहतो. करपलेले चार दाणे सारी खिरापत कडू करतात, आणि ते आपणांस कळते नैवेद्य दाखविल्यानंतरच!