सिझेरियनोत्तर शूल : सूतिकेच्या गोळ्या बंद करण्यापूर्वी

सूतिका रुग्णालयातून घरी आली की तिच्या माहेरचे कोणीतरी वैद्याकडे येते, ही रीत बीड जिल्ह्यात अद्याप टिकून आहे. बहुधा तिची आई येते, नाहीतर थोरली भावजय. हातात रुग्णालयाचा कागद असतो आणि पिशवीत जवळजवळ भरलेली गोळ्यांची पाकिटे. म्हणणेही ठरलेले असते : "डॉक्टरसाहेब, पोरीचं सिझर झालंय. ठणक्याच्या गोळ्या दुधात उतरत्यात म्हणून बंद केल्यात. आता काढा लिहून द्या."

प्रारंभीच्या काळात या म्हणण्यास आम्ही जे उत्तर देत असू ते चुकीचे होते, हे येथे नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते. गोळ्या थांबवल्या ते बरेच केले, असे म्हणून आम्ही दशमूल क्वाथ लिहून देत असू. त्यांपैकी एक सूतिका आजही स्मरणात आहे. गोळ्या थांबवल्यावर तिला कुशीवर वळणेही अशक्य झाले. बाळ छातीशी धरण्यासाठी उठून बसावे, तर टाक्यांवर ताण येऊन डोळ्यांत पाणी येई. दोन दिवसांत घरच्यांनी दूध 'आटले' असे ठरवून बाटली आणली. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच गोळ्या वेळेवर देण्यास भाग पाडले, ती उठून बसू लागली आणि पान्हा आला. दूध अडले होते ते गोळीने नव्हे, वेदनेने.

वास्तविक हे आपल्या शास्त्राला नवीन नाही. क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो, असे सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. आधुनिक शास्त्राच्या भाषेत वेदना व भय यांमुळे पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचे कार्य मंदावते. सिझेरियननंतर दूध उतरण्यास तसाही एखादा दिवस अधिक लागू शकतो. त्यात शूलाची भर पडली की घरात बाटली येण्यास विलंब लागत नाही.

विषय थोड्या स्त्रियांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. म्हणजे चारांतील एक सूतिका उदरावर व्रण घेऊन घरी येते. चरक-सुश्रुतांची सूतिकापरिचर्या योनिमार्गे प्रसूत झालेल्या स्त्रीसाठी आहे. ती या स्त्रीला जशीच्या तशी लावणे आम्हास अप्रशस्त वाटते. पोटावर अभ्यंग, व्रणावर तेल, शेगडीची धग थेट टाक्यांवर, या गोष्टी व्रण पूर्ण भरेपर्यंत वर्ज्यच समजाव्यात. पाठ, कंबर व पाय यांस हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. उलट, वायूला अवकाश मिळू नये म्हणून उदर मोठ्या वस्त्राने वेष्टित करावे हा चरकांचा उपदेश येथेही उपयोगी पडतो. खोकताना अथवा उठताना पोटास आधार मिळाला की टाक्यांचा ताण कमी जाणवतो. रुग्णालयांत उदरपट्टा देतात तो याचसाठी.

शूलाची चिकित्सा करण्यापूर्वी तो कोणता शूल आहे हे पाहिले पाहिजे. व्रणाचा ठणका हालचालीने वाढतो. गर्भाशय आकसताना येणाऱ्या कळा बाळ अंगावर पिताना वाढतात व बहुप्रसवेत अधिक असतात. मक्कल्लाचे वर्णन वाचताना यांची आठवण होते. तिसरा शूल वायूचा : पोट फुगलेले, मलावरोध, ढेकरेने किंवा वात सरल्याने उतार. या तिसऱ्या प्रकारात ओवा, बाळंतशोपा, कोमट पाणी व लवकर चालणे-फिरणे यांचा उपयोग होतो, आणि तेथे आपला काढा शोभतो. पहिल्या दोहोंसाठी रुग्णालयाने दिलेली गोळीच मुख्य होय.

त्या गोळ्यांत सामान्यतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असते. दोन्हींची कार्यपद्धती भिन्न असल्याने ती एकत्र दिली असता परस्परांस पूरक ठरतात. ठणका असह्य झाल्यावर एखादी गोळी घेण्यापेक्षा पहिले काही दिवस घड्याळानुसार घेतल्यास ठणका अधिक चांगला आटोक्यात राहतो. पॅरासिटामॉल सहा तासांनी व आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आठ तासांनी, ही प्रचलित मात्रा. मात्र आपल्याकडील पुष्कळ सूतिकांचे वजन पन्नास किलोच्या आतच असते. चाळीस किलोच्या स्त्रीला पॅरासिटामॉल १ ग्रॅमच्या हिशेबाने देऊ नये; दर किलोस १५ मिलिग्रॅम या मानाने एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅम पुरे. स्तन्यातून आयब्युप्रोफेनचा अत्यल्प अंश, मातेच्या वजनसापेक्ष मात्रेच्या एका टक्क्याहूनही कमी, बाळापर्यंत जातो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर बालरोगतज्ज्ञांस विचारावे. आम्लपित्ताचा अथवा आंत्रव्रणाचा इतिहास, मूत्रपिंडाचा विकार, रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा वेदनाशामकाने दमा उठण्याचा अनुभव असेल तर आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक टाळावे. आणखी एक घरगुती अडचण : बाळंतिणीला आरंभी काही घरांत अन्न फार कमी देतात आणि गोळी रिकाम्या पोटी जाते. आधी मुगाची पेज, मग गोळी.

येथे औषधविक्रेते बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल अशी जोडगोळी रुग्णालयाने दिलेली असते, आणि घरचा माणूस मेडिकलमध्ये येऊन 'ठणक्याची एखादी चांगली गोळी' मागतो. काउंटरवरून आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची दुसरी जोडगोळी दिली जाते. पॅरासिटामॉल दुप्पट होते, आणि पोट व मूत्रपिंड यांवर दोन सारख्याच औषधांचा भार येतो. आधी जुने पाकीट मागवून पाहावे. ट्रामाडॉल व कोडीन यांविषयी तर शंका नकोच. यकृतात यांचे अधिक प्रबळ द्रव्यात रूपांतर होते, काही स्त्रियांत ते फार वेगाने होते, आणि बाळ सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली स्तन्यपान देणाऱ्या मातांनी ही औषधे घेऊ नयेत असे स्पष्ट केले. भारतात ट्रामाडॉल २०१८ पासून अमली व मनःप्रभावी पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. दशमूलारिष्टाच्या बाटलीवरही स्वयंजनित मद्यांशाचा उल्लेख असतो. तो ग्राहकास वाचून दाखवावा. पहिल्या आठवड्यात आम्ही अरिष्टाऐवजी क्वाथच पसंत करतो.

ज्या शूलास शमवू नये तोही सांगितला पाहिजे. चार दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढणारा ठणका, १००.४ अंशांहून अधिक ज्वर, व्रणातून पू, दुर्गंधी स्राव, एकाच पोटरीत सूज व वेदना, धाप लागणे, किंवा बसल्यावर उठणारी व आडवे होताच शमणारी तीव्र शिरोवेदना, यांपैकी काहीही आढळल्यास काढा नको, गोळीही वाढवू नये. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व बीडचे जिल्हा रुग्णालय आपल्या हाताशी आहेत. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात सिझेरियन व औषधे विनामूल्य आहेत, सात दिवसांपर्यंत आहारही मिळतो. घरची कामे अडली म्हणून तिसऱ्या दिवशीच सुटी मागणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते.

आणि मग ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. कोयता जोडीचा असतो, उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे सूतिकेचा दीड महिना पूर्ण होईल याची शाश्वती नसते. फडात मोळी डोक्यावर घेणारी स्त्री दुखत्या पोटावर रोज एक गोळी टाकून दिवस ढकलते, आणि काही वर्षांनी 'पोटात दुखतं' हीच तक्रार घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहते. २०१९ च्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ती सर्व वेदनेपायी गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु वेळीच नीट न पाहिलेले दुखणे त्या वाटेवर असते, असे मानण्यास आम्हास जागा दिसते. कंबरदुखीचे खापर तर सर्रास 'कमरेत दिलेल्या इंजेक्शनवर' फुटते. भुलीच्या त्या सुईमुळे जुनाट कंबरदुखी जडते असे अभ्यासांत आढळलेले नाही. ओझे, वाकून काम आणि अशक्तता ही कारणे पुढ्यात असताना सुईला दोष देऊन चिकित्सा थांबते.

आता आमच्याकडे माहेरचे माणूस आले की आम्ही प्रथम पिशवीतील पाकिटे बाहेर काढून मेजावर मांडतो. प्रत्येकीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र यांच्या खुणा पेनने करून, आधी पेज आणि मग गोळी, असे आईला तोंडपाठ म्हणावयास लावतो. काढ्याचा कागद त्यानंतर लिहितो. टोळीसोबत जाणारी असेल तर नवऱ्यालाही बोलावून घेतो, कारण मोळी कोण उचलणार हे त्याच्याशीच बोलावे लागते.